नायक तोच, लेखक निराळा



इतिहासविषयक व्याख्यानात श्रोत्यांची अपेक्षा राजे, लढाया, सनदा आणि शिलालेख यांची असते. आपल्या बीदर आणि कलबुरगी जिल्ह्यांत तर या सामग्रीला तोटा नाही. बहमनी राज्याची पहिली राजधानी गुलबर्गा, दुसरी बीदर. महमूद गावानाचा १४७२ चा मदरसा आजही उभा आहे. कल्याणचे चालुक्य आणि बसवेश्वर याच मातीतले. असे असताना मी आज रहस्यकथा आणि साहसकथा वाचणाऱ्या सामान्य वाचकांविषयी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात कोणताही जुना कागद दाखवला की तो कोणी लिहिला यापेक्षा तो कोणी वाचला असेल हे आधी विचारीत. आजचा विषय मी त्यांच्या त्या प्रश्नातूनच घेतला आहे.

प्रश्न साधा आहे. एखादी साहसकथामाला वर्षानुवर्षे चालते. तिचा नायक वाचकांच्या घरातला माणूस होऊन बसतो. मग लेखक आजारी पडतो, प्रकाशकाशी बिनसून निघून जातो किंवा मरण पावतो. नायक तोच राहतो आणि त्याची कथा दुसरा लेखक लिहू लागतो. अशा वेळी वाचक काय करतो? ज्या वाचकाला कोणत्याही समीक्षकाने कधी मोजले नाही, त्याच्या या वागण्यातून त्याच्या अभिरुचीविषयी काही कळते का? मला वाटते, पुष्कळ कळते.

प्रथम आपल्या प्रदेशातील वाचनाची घडण पाहिली पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभाराची आणि न्यायालयांची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जात होते. घरी मराठी किंवा कानडी, बाजारात दखनी आणि कचेरीत उर्दू, असा आपल्या आजोबा-पणजोबांचा दिनक्रम होता. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कानडी आणि उर्दू अशा भाषांत पदरचना केली, ती याच मिसळलेल्या बोलीजीवनातून. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा भाषेच्या आधारावर विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. सीमारेषा नकाशावर आखली गेली, पण वाचकाच्या कपाटातून ती एका दिवसात जाऊ शकली नाही.

या कपाटात पुस्तके दोन वाटांनी येत. गुलबर्गा हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे स्टेशन. त्यामुळे मुंबईची मराठी पुस्तके सोलापूरमार्गे तेथे येत. बीदरला विकाराबादकडून येणारी गाडी हैदराबादच्या बाजारातील उर्दू मासिके आणि कादंबऱ्या आणी. परिणामी एकाच मुलाच्या दप्तरात बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’, इब्ने सफी यांचा इमरान आणि एन. नरसिंहय्या यांचा कानडी ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ एकत्र नांदू शकत होते. लेखकबदलाचा अनुभव अशा वाचकाला एका भाषेपुरता आलेला नाही. म्हणूनच या प्रश्नासाठी आपला सीमाभाग चांगली साक्ष देतो.

लेखक बदलण्याची ही गोष्ट आधुनिक छापखान्याने निर्माण केलेली नाही. मराठीत आणि कानडीतही दीर्घ गद्यकथेला आपण ‘कादंबरी’ म्हणतो. हा शब्द बाणभट्टाच्या सातव्या शतकातील ज्या ग्रंथावरून आला, तो ग्रंथच दोन हातांनी लिहिलेला आहे. बाण कथा अपुरी ठेवून वारला आणि उत्तरभाग त्याच्या मुलाने पूर्ण केला. आरंभीच तो सांगतो की कथा मध्येच तुटल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे. या निवेदनाकडे मी वाचकांच्या प्रतिक्रियेची एक फार जुनी नोंद म्हणून पाहतो. वाचक हळहळले, म्हणून दुसरा लेखक आला. पूर्वभागाच्या तुलनेत उत्तरभाग उणा आहे असे रसिकांनी शतकानुशतके म्हटले. तरीही तो टाकून दिला नाही, कारण अपुऱ्या कथेपेक्षा पुरी झालेली कथा त्यांना हवी होती. पुत्राने पित्याचे ऋण फेडावे, तसा हा पहिला प्रकार. याला मी वारसा म्हणतो.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण हिंदीतील आहे. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ आणि ‘चंद्रकांता संतती’ या अय्यारी कादंबऱ्यांसाठी अनेकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदीच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. त्यांची ‘भूतनाथ’ ही माला मात्र १९१३ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरी राहिली. पुढचे भाग पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले आणि वाचकांनी ते स्वीकारले. पित्याच्या घरातूनच धागा पुढे येत आहे, हा विश्वास या स्वीकारामागे होता.

दुसरा प्रकार नेमणुकीचा आहे. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘दास्ताने अमीर हमजा’ ही विराट कथामाला छापली. तिच्यातील सर्वांत लोकप्रिय विभाग म्हणजे ‘तिलिस्मे होशरुबा’. त्याचे पहिले चार खंड मुहंमद हुसेन ‘जाह’ यांनी लिहिले. पहिला १८८३ मध्ये निघाला. मग त्यांचे छापखान्याशी बिनसले आणि उरलेले खंड अहमद हुसेन ‘कमर’ यांच्याकडे सोपवण्यात आले. जाह यांनी दुसऱ्या प्रकाशकाकडून आपला स्वतंत्र पाचवा खंड काढला. एकाच कथेचे दोन पाचवे खंड बाजारात आले आणि निवाडा वाचकांकडे गेला. त्या निवाड्याचा शेवट एका बाजूने झाला नाही. भाषेचा डौल आणि वर्णनाची नजाकत हवी असणारे जाह यांच्याकडे राहिले. घटनांची गर्दी, युद्धे आणि जादूचे नवे नवे प्रकार हवे असणारे कमर यांच्यावर खूश झाले. तरी दोन्ही पक्षांना अमर अय्यार तोच होता. नायक एक आणि वाणी दोन, हे वाचकांनी तेव्हाच ओळखले होते.

नेमणुकीचा टोकाचा नमुना इंग्लंडमध्ये दिसतो. १८९३ मध्ये सुरू झालेला सेक्स्टन ब्लेक हा गुप्तहेर पुढे अनेक दशके सुमारे दोनशे लेखकांनी चालवला. तेथे वाचक मुख्यतः ब्लेकच्या नावाने पुस्तक मागत. लेखकाचे नाव पुष्कळदा छापलेलेही नसे. ज्याची वाणी कधी ओळखीची झालीच नाही, त्याच्या जाण्याने कोणाला काय वाटणार? आरंभापासून लेखक दिसला नाही, तर लेखकबदलाचे दुःखही होत नाही. जेम्स बाँडच्या बाबतीत याउलट घडले. इयन फ्लेमिंग १९६४ मध्ये वारले आणि १९६८ मध्ये किंग्जली एमिस यांनी रॉबर्ट मार्कम या टोपणनावाने ‘कर्नल सन’ लिहिली. परवानगी रीतसर होती, लेखक नामवंत होता. पण फ्लेमिंग यांची लेखणी वाचकांच्या ओळखीची असल्याने प्रत्येक पानाची तुलना होणे अटळ होते.

आता मराठीकडे येऊ. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक १९९६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याच नावाने ओळखले गेले. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज आणले, सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद उभा केला. मराठीत रूढ झालेली रीत अशी की नवा लेखक आला म्हणजे नवा नायक येई. गादी तीच राहून स्वार बदलण्याचे प्रसंग आपल्याकडे गाजले नाहीत. याची मुळे मला थोडी जुनी दिसतात. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागाहून कोणाकोणाच्या शिरलेल्या ओव्या त्यांनी बाजूला काढल्या आणि पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीद दिली. धर्मग्रंथाची आणि चार आण्यांच्या कादंबरीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कोणाचे शब्द कोणाचे, याविषयीचा मराठी मनाचा काटेकोरपणा या घटनेत दिसतो आणि तोच संस्कार घेऊन आपल्या भागातील मराठी वाचक उर्दू कथामालांकडे गेला.

तेथे त्याला तिसरा प्रकार भेटला, तो म्हणजे तोतयेगिरी. अलाहाबाद जिल्ह्यात १९२८ मध्ये जन्मलेल्या इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही माला १९५२ च्या मार्चमध्ये सुरू झाली. फरीदी आणि हमीद या जोडीने वाचकांना वेड लावले. त्याच वर्षी लेखक कराचीला गेले, तरी त्यांची पुस्तके अलाहाबादहून अब्बास हुसेनी छापीत राहिले. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला. १९५५ पासून इमरानची दुसरी माला सुरू झाली. वरवर वेडगळ, बावळट वाटणारा आणि आतून अत्यंत तल्लख असा हा नायक होता. १९६० मध्ये इब्ने सफी यांना गंभीर मानसिक आजाराने ग्रासले आणि सुमारे तीन वर्षे त्यांची लेखणी थांबली. बाजार मात्र थांबला नाही. मूळ नावात एखाद्या अक्षराचा फेर करून किंवा नुसते ‘सफी’ हे उपनाव लावून अनेकांनी फरीदी आणि इमरान यांच्या कथा छापल्या. मुखपृष्ठे तशीच रंगीत, पात्रे तीच, किंमतही तेवढीच.

या काळातील वाचकांची वागणूक मी लहानपणी जवळून पाहिली आहे. माझ्या थोरल्या काकांचे शिक्षण १९४८ पूर्वी उर्दूतून झाले होते. रात्री जेवणे झाली की ते ओसरीवर कंदिलाशी बसून उर्दू कादंबरी वाचीत आणि न थांबता मराठीत सांगत जात. ऐकणाऱ्यांत उर्दू अक्षर न ओळखणारे शेतकरी होते, शाळेत कानडी शिकणारी आम्ही मुले होतो आणि शेजारचे एक तांबोळी चाचा होते. काका मराठीत अडले की ते दखनीतून वाट काढून देत. तोतया लेखकाचे पुस्तक आले की पाच-सहा पानांतच कोणीतरी म्हणे, ‘काका, हा इमरान तो नव्हे.’ बोलणाऱ्याने मुखपृष्ठ पाहिलेले नसे, लेखकाचे नाव वाचलेले नसे. त्याने ओळखले ते ऐकून. कशावरून, असे विचारले तर उत्तर असे की हा इमरान उगीच हसवतो. तो इमरान हसवता हसवता कोड्यात टाकीत असे. कोणी म्हणे, येथे गोळ्याच फार सुटतात. पुस्तक भाड्याने आणलेले असे, म्हणून काका ते संपवीत. परंतु दुसऱ्या दिवशी ओसरी निम्मी रिकामी असे. रिकामी ओसरी हे त्या श्रोत्यांचे टीकालेखन होते.

उत्तम साहित्य ओळखण्यासाठी फार शिकावे लागते, असे आपण शाळांत मानत आलो. शिक्षणाने दृष्टी व्यापक होते यात शंका नाही. परंतु एकाच लेखकाची चाळीस पुस्तके मन लावून ऐकलेल्या माणसाच्या कानाला जी पारख येते, तीही शिक्षणच आहे. तालमीचा वाजवणारा बदलला की भजनी मंडळाला डोळे मिटून कळते, त्याच जातीची ही पारख. एखाद्या पात्राने कोणत्या प्रसंगी काय बोलावे आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, याचे एक अलिखित व्याकरण वाचकाच्या मनात तयार झालेले असते. नवा लेखक नायकाचे नाव, पोशाख, गाडी, पिस्तूल सगळे उचलू शकतो. हे व्याकरण त्याला सहज उचलता येत नाही.

हा अनुभव एका ओसरीपुरता नव्हता, याचा पुरावा १९६३ मध्ये मिळाला. बरे होऊन इब्ने सफी यांनी ‘डेढ मतवाले’ ही इमरानची कादंबरी लिहिली. भारतात तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी देशाचे पंतप्रधान झालेल्या नेत्याने एका गुप्तहेरकथेचे प्रकाशन करावे, ही घटना त्या वाचकवर्गाच्या व्यापाची साक्ष आहे. मागणी एवढी होती की आठवड्याच्या आत दुसरी आवृत्ती काढावी लागली. तीन वर्षे दुकानांत इमरान भरपूर मिळत होता; वाचकांना केवळ इमरान हवा असता तर ही झुंबड उडाली नसती. ते आपल्या लेखकाची वाट पाहत होते. इब्ने सफी आपल्या पुस्तकांच्या आरंभी ‘पेशरस’ या शीर्षकाची छोटी प्रस्तावना लिहीत आणि तीत वाचकांच्या पत्रांना, तक्रारींना उत्तरे देत. लेखक आणि वाचक यांच्यात एवढे थेट बोलणे असल्यावर मध्येच तिसऱ्याने आवाज बदलून बोलणे कसे खपणार?

एवढ्यावर थांबलो तर वाचक नेहमी मूळ लेखकाच्याच बाजूने उभा राहतो, असा सोपा निष्कर्ष निघेल. पुढचा इतिहास तो निष्कर्ष काढू देत नाही. १९८० मध्ये इब्ने सफी वारले. आता परत येणारे कोणी नव्हते. इमरानच्या कथा इतर लेखक लिहीत राहिले. त्यांतील मुलतानचे मजहर कलीम हे सर्वांत लोकप्रिय ठरले; २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा इमरान अधिक वेगवान, प्रयोगशाळा आणि आंतरराष्ट्रीय कारस्थाने यांच्यात अधिक रमणारा आहे. जुन्या वाचकांनी नाक मुरडले. परंतु ज्या मुलांना इमरान प्रथम मजहर कलीम यांच्या पानांवर भेटला, त्यांच्यासाठी तोच खरा होता; मागे जाऊन इब्ने सफी वाचताना कथा संथ वाटते, असे म्हणणारे तरुण मला भेटले आहेत. त्यांना अरसिक म्हणून मोकळे होता येणार नाही. काकांच्या ओसरीवरचे श्रोते ज्या निष्ठेने तोतया इमरान नाकारीत होते, तीच निष्ठा या तरुणांनी दुसऱ्या वाणीला वाहिली होती.

माझ्या मते या सर्व उदाहरणांतून हाती येणारी गोष्ट ही, की वाचकाची निष्ठा मुखपृष्ठावरील नावाशी किंवा नुसत्या नायकाशी नसते. नायक ज्या वाणीत प्रथम भेटला, त्या वाणीशी ती असते. वारसदार आला तर वाचक कृतज्ञतेने थोडे सांभाळून घेतो. नेमलेला लेखक आला तर तुलना करतो आणि आपापल्या आवडीने बाजू निवडतो. तोतया आला तर उठून जातो. आणि पिढी बदलली की नवी वाणीच मूळ वाणी होऊन बसते. हे चारही प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यात घडू शकतात, आणि आपल्या भागात ते घडले.

विद्यार्थिमित्रहो, या विषयात आपल्या जिल्ह्यांचे काय पणाला लागले आहे, ते सांगून मी थांबतो. १९४८ नंतर शिक्षणाची भाषा बदलली, १९५६ नंतर राज्य बदलले, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुरगी झाले. प्रत्येक बदल होताना येथल्या माणसाने हाच प्रश्न स्वतःला विचारला असणार : गाव तेच, पण सांगणारा निराळा, आता ही गोष्ट आपली आहे ना? उत्तर देताना त्याने कोणतीही भाषा परकी मानली नाही. मराठी घरातला माणूस उर्दू वाचून कानडी शेजाऱ्याला मराठीत कथा सांगत होता, ही वस्तुस्थिती आपल्या सामाजिक इतिहासातील मोलाची नोंद आहे. पण ती दप्तरखान्यात सापडणार नाही. अशा पुस्तकांना ग्रंथालयांनी दारात उभे केले नाही. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने बंद पडली. पिवळी पडलेली पाने रद्दीच्या भावाने गेली. घरी मराठी बोलणारी आणि संस्थानी शाळेत उर्दू शिकलेली शेवटची पिढी आता नव्वदीच्या आसपास आहे.

म्हणून माझी या शाळेला एक विनंती आहे. येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील किंवा गल्लीतील एका वृद्ध व्यक्तीजवळ बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही कोणत्या लिपीत काय वाचत होता? पुस्तक कोठून आणत होता आणि कोणाला वाचून दाखवत होता? आवडता लेखक थांबल्यावर तुम्ही काय केले? उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत, वही-पेन घेऊन, तारीख आणि गावाच्या नावासह लिहून काढावीत. माळ्यावरच्या पेटीत एखादी पाने सुटलेली प्रत निघाली तर ती रद्दीत न देता शाळेच्या कपाटात ठेवावी, मग ती नागरीत असो, कानडीत असो वा उर्दूत. वाचणाऱ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांनीच जपला पाहिजे. तो दुसरे कोणी लिहून देणार नाही. गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेला शोभेल असे एक कपाट शाळेत भरले गेले, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.